रिपोर्टातला ‘बिनाइन’ : एक शब्द, तीन सल्ले

सुदामानगरातल्या एका ताईंनी विचारले आहे. त्यांच्या ५४ वर्षांच्या आईंच्या स्तनात गाठ लागली. सुईची तपासणी झाली आणि रिपोर्टात ‘बिनाइन’ आले, तरी सर्जन जाड सुईने पुन्हा बायोप्सी करा म्हणतात. सासऱ्यांच्या प्रोस्टेटच्या कागदावर हाच शब्द आहे आणि त्यांना ऑपरेशन सांगितले आहे. मावशीच्या थायरॉइडलाही हाच शब्द, पण तिला फक्त ‘वर्षभराने सोनोग्राफी करून दाखवा’ एवढेच सांगितले. शब्दकोशात पाहिले तर अर्थ दिला आहे दयाळू, सौम्य, अपाय न करणारा. मग ज्याने अपाय होत नाही त्यासाठी तिघांना तीन सल्ले कसे, आणि यातले कोण चुकते आहे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुम्ही दिलेल्या तपशिलावरून मला तिघांपैकी कोणाचाच सल्ला चुकीचा वाटत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. इंदूरमध्येच इतकी वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या वाचते आहे आणि हा शब्द रोज स्वतः रिपोर्टात लिहिते. तो लिहिताना आमच्या मनात नेमके काय असते आणि काय नसते, हे पेशंटच्या घरापर्यंत क्वचितच पोचते. रिपोर्ट काउंटरवर मिळतो, तिथला मुलगा ‘सादी गठान है, टेन्शन मत लो’ म्हणतो आणि कागद कपाटात जातो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी इंग्रजीतला शब्द पाहू. उच्चार ‘बिनाइन’. लिहिताना त्यात ‘जी’ येतो पण बोलताना येत नाही. त्याच्या विरुद्धार्थी ‘मॅलिग्नंट’मध्ये मात्र तो बोलला जातो. मूळ लॅटिन शब्द ‘बेनिग्नुस’, म्हणजे चांगल्या वृत्तीचा, प्रेमळ, उदार. ‘मॅलिग्नंट’चे मूळही त्याच घडणीचे, फक्त वृत्ती वाईट. इंग्रजीत हे विशेषण माणसांना लागत आले आहे आणि आजही लागते: वृद्ध आजोबांचे बिनाइन हसू, प्रजेला न छळणाऱ्या राजाची बिनाइन सत्ता. हवेलाही लावतात. ‘शब-ए-मालवा’ म्हणून जिचे कौतुक होते ती आपल्याकडची रात्रीची हवा इंग्रजीत ‘बिनाइन क्लायमेट’ म्हणून बिनदिक्कत सांगता येईल. या सगळ्या वापरांत शब्द बोलतो ते स्वभावाविषयी. अपाय न करणे हा त्या स्वभावातून काढलेला पुढचा अर्थ आहे, आणि तो दर वेळी निघतोच असे नाही.

वैद्यकाने शब्द उचलला तो स्वभावाच्याच अर्थाने. गाठ बिनाइन आहे असे मी लिहिते तेव्हा मला एवढेच म्हणायचे असते: हिच्या पेशी ज्या अवयवातून निघाल्या त्या अवयवाच्या पेशींसारख्याच दिसतात, त्या शेजारच्या ऊतीत घुसत नाहीत, आणि रक्तातून किंवा लसिकेतून दूर जाऊन दुसरीकडे रुजत नाहीत. यातल्या घुसणे आणि दूर जाऊन रुजणे या दोन गोष्टींवर सगळा भेद उभा आहे. गाठ केवढी आहे, कुठे बसली आहे, कशावर दाब देते आहे, रक्तात काय सोडते आहे, दहा वर्षांनी तिचे काय होईल, यातले काहीही त्या शब्दात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अर्बुदांच्या, म्हणजे अशा गाठींच्या, संकेतांक-पद्धतीत हे अगदी उघड दिसते. प्रत्येक गाठीला चार आकडी क्रमांक असतो आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन आणखी एक आकडा. शून्य म्हणजे बिनाइन, एक म्हणजे वर्तन अनिश्चित किंवा सीमेवरचे, दोन म्हणजे अजून जागच्या जागी असलेला कर्करोग, तीन म्हणजे मॅलिग्नंट. त्या शेवटच्या आकड्याचे नावच ‘बिहेविअर कोड’ आहे. फायब्रोअ‍ॅडिनोमा ही तरुण मुलींच्या स्तनात सर्रास सापडणारी गाठ ९०१०/० अशी नोंदली जाते. फायलॉइड्स ट्यूमर नावाची तिच्यासारखीच दिसणारी दुसरी गाठ ९०२० या क्रमांकाची, पण तिच्यापुढे शून्यही येऊ शकतो, एकही आणि तीनही. हे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण तुमच्या आईंच्या बाबतीत ते लागेल.

आईंची झाली ती एफएनएसी, बारीक सुईची तपासणी. २२ किंवा २३ गेजची सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढतात, काचेवर पसरतात, रंगवतात आणि पाहतात. भूल नाही, टाका नाही, खर्च कमी, रिपोर्ट बहुधा दुसऱ्या दिवशी. आमच्यासाठी ही फार मोलाची तपासणी आहे आणि तिला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण तिच्यात पेशी सुट्या सुट्या दिसतात, त्यांची मांडणी दिसत नाही. बिनाइन आणि मॅलिग्नंट यांतला मुख्य निकष घुसखोरीचा आहे, आणि पेशी हद्द ओलांडून शेजारी घुसल्या आहेत की नाही हे कळायला हद्द दिसावी लागते. सुट्या पेशींत ती दिसत नाही. पेशींच्या चेहऱ्यावरून आम्ही अंदाज बांधतो. तो बहुतेक वेळा बरोबर येतो, नेहमी नाही.

दुसरी अडचण नमुन्याची. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजतो. गाठ तशी नसते. तीन सेंटिमीटरच्या गाठीत एका कडेला निरुपद्रवी ऊती आणि दुसऱ्या कडेला काही वेगळेच चालू आहे, असे असू शकते. सुई जिथे गेली तिथलेच आम्हाला दिसते. फायलॉइड्सच्या बाबतीत हे फार जाणवते: सुईतून आलेल्या पेशी फायब्रोअ‍ॅडिनोमासारख्याच दिसतात, आणि खरा फरक ऊतीच्या रचनेत, मधल्या भागाच्या दाटीत आणि कडांत असतो. शून्य कोडाची, म्हणजे बिनाइन फायलॉइड्ससुद्धा अर्धवट काढली तर त्याच जागी पुन्हा येऊ शकते, म्हणून ती आहे हे आधी कळलेले बरे.

तिसरी गोष्ट वयाची, आणि माझ्या मते सर्जनांनी याच कारणाने आग्रह धरला असावा. विशीतल्या मुलीच्या स्तनात गोल, बोटाखालून सरकणारी गाठ लागणे आणि पाळी गेल्यावर नव्याने गाठ लागणे या दोन वेगळ्या घटना आहेत. फायब्रोअ‍ॅडिनोमा प्रामुख्याने १५ ते ३५ या वयात येतो. पन्नाशीनंतर नवी गाठ आली की ती कर्करोग नाही हे पक्के सिद्ध करून मगच थांबायचे असते. त्यासाठी तीन तपासण्या एकत्र वाचतात: डॉक्टरांच्या हाताला काय लागले, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत काय दिसले, आणि सुईतून काय आले. तिन्हींचे एकमत झाले तरच माझा ‘बिनाइन’ शेवटचा. हाताला गाठ कडक किंवा चिकटलेली लागत असेल, किंवा मॅमोग्राफीत कडा अणकुचीदार दिसत असतील, तर माझ्या कागदावर बिनाइन असूनही पुढची तपासणी होते आणि व्हायलाच हवी. मॅमोग्राफीच्या रिपोर्टात ‘बाय-रॅड्स’ असा आकडा असेल तो बघा. २ असेल तर रेडिओलॉजिस्टच्या मते गाठ बिनाइन. ३ म्हणजे ‘बहुधा बिनाइन’, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही, आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा फिल्म. ४ किंवा ५ असेल तर ऊतीचा तुकडा घेतल्याशिवाय कोणी शांत बसू नये, एफएनएसी काहीही म्हणो.

जाड सुईची म्हणजे कोअर बायोप्सीची सुई बहुधा १४ गेजची असते (गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड). जागा बधिर करून ती घालतात आणि एक-दोन सेंटिमीटर लांबीचे बारीक तुकडे निघतात. ते फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवून ब्लॉक करतात आणि ३ ते ५ मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापून पाहतात. इथे मांडणी दिसते, हद्द दिसते. शिवाय ब्लॉक जपून राहतो. गरज पडली तर त्यावर पुढच्या खास चाचण्या करता येतात, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेता येते. म्हणून ताई, आईंची दुसरी सुई म्हणजे पहिल्या रिपोर्टावरचा अविश्वास समजू नका. पहिल्या रिपोर्टाला जे सांगता येत नव्हते ते विचारण्यासाठी ती आहे.

रिपोर्टात ‘बिनाइन’च्या आसपास काय लिहिले आहे तेही वाचा, आम्ही ते विचार करून लिहितो. ‘बिनाइन ब्रेस्ट लिजन, फायब्रोअ‍ॅडिनोमा’ हे ठाम विधान आहे, गाठीला नाव दिले आहे. ‘फेव्हर्स बिनाइन’ म्हणजे कल तिकडे आहे, खात्री नाही. ‘निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी’ म्हणजे या काचेवर कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत. गाठ नक्की काय आहे ते यात सांगितलेले नाही. ‘इन द मटेरिअल एक्झामिन्ड’ हे शब्द जोडले असतील तर आम्ही नमुन्याची मर्यादा स्पष्ट करतो आहोत. ‘इनअ‍ॅडिक्वेट’ म्हणजे पेशी पुरेशा आल्याच नाहीत, त्यावरून ना भले ना वाईट काहीच ठरत नाही. दुर्दैवाने पुष्कळ घरी हाच कागद ‘काही निघाले नाही’ म्हणून वाचला जातो. आणि शेवटी ‘क्लिनिकल अँड रेडिओलॉजिकल कोरिलेशन’ असा सल्ला असतो, तो छापील शिष्टाचार समजून सोडू नका. त्याचा अर्थ: बाकीचे दोन पुरावे माझ्यासमोर नाहीत, तुम्ही तिन्ही मिळवून बघा.

आता सासरे. त्यांच्या कागदावर ‘बिनाइन प्रोस्टॅटिक हायपरप्लेसिया’ असे असणार, ज्याला सगळे बीपीएच म्हणतात. वय वाढले की प्रोस्टेट ग्रंथी मोठी होणे हे पुरुषांत अगदी सर्रास आहे. ही वाढ कर्करोग नाही आणि तिचा कर्करोग होतो असेही नाही. शब्द इथे पूर्ण खरा आहे. पण ही ग्रंथी मूत्रमार्गाला वेढून असते आणि बीपीएचची वाढ होते ती बरोबर त्या मार्गालगतच्या भागात. धार बारीक होते, रात्री चार-चारदा उठावे लागते, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, खडे होतात, एखाद्या दिवशी लघवी पूर्ण अडते. आणि मागे दाब राहून राहून मूत्रपिंडे निकामी व्हायला लागली तर ते नुकसान सगळे भरून येईलच असे नाही. ऑपरेशन सांगितले आहे ते अडथळ्यासाठी. औषधांनी भागते की नाही, हे युरॉलॉजिस्टना जरूर विचारा, पण ‘कॅन्सर नाही मग ऑपरेशन कशाला’ या कारणाने टाळू नका.

सासऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती सहसा सांगितली जात नाही. प्रोस्टेटचा कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात खरवडून काढतात तो आतला भाग. त्या तुकड्यांचा रिपोर्ट बिनाइन आला तर तो आतल्या भागापुरता असतो. बाहेरची ग्रंथी जागेवरच राहते. तेव्हा ऑपरेशननंतरही पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी किती दिवसांनी करायची ते विचारून घ्या, आणि निघालेले तुकडे तपासायला पाठवले आहेत याची खात्री करा. पीएसए नुसत्या बीपीएचनेही वाढलेले असू शकते, म्हणून आकडा पाहून एकदम घाबरूही नका.

मावशीचे मात्र सरळ आहे. थायरॉइडच्या सुईच्या रिपोर्टांसाठी बेथेस्डा नावाची पद्धत आहे. अमेरिकेत बेथेस्डा येथे २००७ मध्ये झालेल्या परिषदेतून ती निघाली. तिच्यात सहा वर्ग आहेत, आणि ‘बिनाइन’ हा त्यातला दुसरा वर्ग. २०१७ च्या आवृत्तीनुसार या वर्गात कर्करोग निघण्याची जोखीम ० ते ३ टक्के. शून्य नाही, पण गळ्यावर चिरा द्यावा इतकीही नाही. म्हणून थांबून सोनोग्राफीने लक्ष ठेवायचे. गाठ झपाट्याने वाढली, आवाज बसला, गिळताना अडू लागले, तर वर्ष पुरे व्हायची वाट पाहायची नाही. याच ग्रंथीत फॉलिक्युलर जातीच्या गाठी असतात, त्यांना सुईच्या रिपोर्टात बिनाइन किंवा मॅलिग्नंट म्हणताच येत नाही, कारण फरक फक्त गाठीचे वेष्टण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का यावर ठरतो. त्यांना चौथा वर्ग दिला जातो. मावशीचा तो नाही हे तुमच्या लिहिण्यावरून दिसते.

तिन्ही सल्ले असे उलगडतात. पण हा शब्द अंगावर घेऊन जगणारी माणसे आणखी पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी काही गोष्टी लिहायलाच हव्यात.

बिनाइन गाठ जागेमुळे जिवावर येऊ शकते. मेंदूच्या आवरणातून निघणारा मेनिन्जिओमा बहुधा पहिल्या श्रेणीचा, हळू वाढणारा असतो. पण कवटीत सरकायला जागा नाही, आणि गाठ दृष्टीच्या नसेवर बसली तर डोळा जातो. हृदयाच्या कप्प्यातला मिक्सोमा पेशींच्या दृष्टीने अगदी सौम्य, तरी त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होतो. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची लहानशी बिनाइन गाठ रक्तातले कॅल्शियम वाढवते, आणि माणूस वर्षानुवर्षे मुतखड्यांवर उपचार घेत राहतो. गर्भाशयातले फायब्रॉइड तर घरोघरी. त्यांचा कर्करोग होणे अत्यंत विरळ, म्हणून बायका दुर्लक्ष करतात, दर महिन्याला रक्त जात राहते, आणि १२ च्या वर हवे ते हिमोग्लोबिन ६-७ वर येते तेव्हा दम लागतो म्हणून आधी हृदयाची तपासणी होते. गाठ निरुपद्रवी म्हणून रक्तस्राव सोसायचा, हे मला मुळीच मान्य नाही.

आणि काही बिनाइन गोष्टी आज बिनाइन असतात, पुढे नसतात. मोठ्या आतड्यातला अ‍ॅडिनोमा हा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर आलेला कोंब, त्यातला ठळक. तो कर्करोग नाही, पण आतड्याचे बहुतेक कर्करोग अशा पॉलिपातूनच, बऱ्याच वर्षांत, तयार होतात. म्हणून तो दिसला की काढतात आणि पुन्हा कधी दुर्बीण घालायची ते ठरवून देतात. ‘बिनाइन पॉलिप’ एवढे वाचून ती पुढची तारीख सोडणारे लोक मला फार अस्वस्थ करतात.

त्याहून अस्वस्थ करते ते तोंड. एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने गुटख्यावर बंदी आणली, देशात सगळ्यांत आधी. आज पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतात आणि मुले त्या हातावर एकत्र करतात. तोंडात पांढरा चट्टा येतो किंवा तोंड उघडेनासे होते, तुकडा आमच्याकडे येतो आणि अनेकदा मी लिहिते, ‘नो डिस्प्लेसिया, नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी’. पेशींमध्ये कर्करोगाकडे नेणारे बदल या तुकड्यात दिसले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. घरी जाऊन तो होतो ‘रिपोर्ट साफ आला’, आणि पुडी पुन्हा सुरू. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू न घालता, माणसात कर्करोग करते असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केला आहे. चट्टा ज्यामुळे आला ते कारण तोंडात घोळतच असेल तर आजचा रिपोर्ट पुढच्या वर्षीचे काहीही सांगत नाही. राजवाड्याजवळच्या दुकानावर बसणारा मुलगा असो की घरचे आजोबा, हा कागद हातात आला की पुडी सुटलीच पाहिजे आणि दर काही महिन्यांनी तोंड दाखवलेच पाहिजे.

मानेतल्या गाठीबद्दलही थोडे. पुष्कळदा तिथे निघतो क्षय. रिपोर्टात ‘ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस’ असे असते. गाठींच्या नावांत शेवटी येणारा ‘ओमा’ यात ऐकू आला तरी हे अर्बुद नाही, कर्करोगही नाही. पण ‘कॅन्सर नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ ऐकून काही जण तसेच घरी जातात, आणि सहा महिन्यांचा जो उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतो तो सुरूच होत नाही. उलट बाजूने लिम्फोमा, मेलॅनोमा ही नावे फायब्रोमा-लायपोमा या बिनाइन गाठींच्या नावांसारखी ऐकू येतात, पण ते दोन्ही मॅलिग्नंट आहेत. नावाच्या शेपटावरून काही ठरवू नये.

हा शब्द वापरताना वैद्यकालाही आपले म्हणणे बदलावे लागले आहे. पूर्वी उच्च रक्तदाबाचे ‘बिनाइन’ आणि ‘मॅलिग्नंट’ असे दोन प्रकार लिहीत. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीत बिनाइन रक्तदाबाला वेगळा क्रमांक होता. वर्षानुवर्षे हळूहळू मूत्रपिंड, हृदय आणि मेंदू खराब करणाऱ्या आजाराला हे विशेषण शोभत नव्हते, आणि दहाव्या आवृत्तीत तो वेगळा क्रमांक राहिला नाही. डोक्यातला दाब वाढण्याच्या एका आजाराला ‘बिनाइन इंट्राक्रेनिअल हायपरटेन्शन’ म्हणत. त्यात गाठ नसते म्हणून बिनाइन, पण दृष्टी कायमची जाऊ शकते. आता त्याला ‘इडिओपॅथिक’ म्हणतात, म्हणजे कारण माहीत नसलेला. उलट दिशेचा बदलही झाला आहे. थायरॉइडच्या एका वेष्टणबंद, न घुसणाऱ्या गाठीच्या नावात कार्सिनोमा होते. ती फार क्वचित त्रास देते हे दिसल्यावर २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने तिच्या नावातून तो शब्द काढला, म्हणजे लोकांवर गरजेपेक्षा मोठे उपचार होऊ नयेत. चक्कर येण्याच्या ‘बिनाइन पोझिशनल व्हर्टिगो’ला मात्र हे विशेषण अजून चिकटून आहे. कानातले सूक्ष्म खडे जागा सोडतात आणि कूस बदलताच घर फिरते. आजार जिवाला धोका नसलेला, पण सत्तरीतली आई त्या चकरेत न्हाणीघरात पडली तर खुब्याचे हाड मोडते.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी शेजारचे शब्दही सांगते, कारण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘हार्मलेस’ सगळ्यांत साधा: बिनविषारी साप हार्मलेस. ‘इनॉक्युअस’ म्हणजे ज्यात बोचणारे, अपायकारक काही नाही. तो बोलणे, प्रश्न, पदार्थ यांना शोभतो. इनॉक्युअस प्रश्न म्हणता येतो, इनॉक्युअस ट्यूमर कोणी लिहीत नाही. लहान मुलांच्या हृदयात कधी कधी ऐकू येणारा, दोष नसलेला आवाज ‘इनोसंट मर्मर’. आणि ‘इंडोलंट’ या शब्दापासून सावध राहा: संथ वाढणाऱ्या लिम्फोमाला तो लावतात, त्याचा अर्थ निरुपद्रवी होत नाही, तो कर्करोगच असतो. सुपर कॉरिडॉरवर संगणक-सुरक्षेचे काम करणारी आपली मुले एखाद्या फाइलला ‘बिनाइन’ म्हणतात तेव्हा तीही स्वभावच सांगत असतात: फाइल दुष्ट हेतूने बनवलेली नाही. तीच फाइल चुकीच्या वेळी उघडून कामाचा खोळंबा होऊ शकतो, तो भाग वेगळा.

मराठीत वैद्यकीय पुस्तकांतून ‘सौम्य’ आणि ‘दुर्दम’ ही जोडी येते, घरात ‘साधी गाठ’ म्हणतात. मी स्वतः पेशंटशी बोलताना ‘ही कर्करोगाची गाठ नाही’ असे म्हणते आणि लगेच पुढचे वाक्य जोडते: काढायची की नाही, बघत राहायची असेल तर किती दिवसांनी, आणि कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे. हे पुढचे वाक्य रिपोर्टात नसते. ते तुमच्या डॉक्टरांकडून मागून घ्या.

आईंच्या बाबतीत आता एवढे करा. कोअर बायोप्सीला जाताना एफएनएसीचा रिपोर्ट, मॅमोग्राफीच्या फिल्म आणि आधीची काही सोनोग्राफी असेल तर तीही बरोबर न्या. गाठीत सोनोग्राफीखाली सुई घालणार का, हे विचारा. त्याने नेम बरोबर बसतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. तुकड्याचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, त्यात काळजीसारखे काही नाही. एफएनएसीच्या काचपट्ट्या लॅबमधून मागून ठेवा, आणि कोअरचा ब्लॉक कुठे आहे त्याची पावती जपा. अवंतिका एक्स्प्रेस पकडून आईंना मुंबईला न्यायचे मनात आले, तर आधी ब्लॉक आणि काचपट्ट्या पाठवून दुसरे मत घेता येते. त्यासाठी आईंनी प्रवास करायची गरज नसते. कोअरचा रिपोर्ट फायब्रोअ‍ॅडिनोमा असा नाव घेऊन आला आणि मॅमोग्राफीशी जुळला, तर बघत राहण्याचा सल्ला मिळेल आणि तो निर्धास्त पाळा. जुळला नाही तर सर्जन गाठ पूर्ण काढून तपासायला देतील. तेव्हा मात्र ‘दोनदा बिनाइन आले आहे’ म्हणून अडून बसू नका.